आपलाच जुना आयडी नेटवर शोधायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा होता: २००४ पासून सगळीकडे एकच आयडी वापरलाय, खरं नाव गूगलमध्ये टाकलं तर लिंक्डइन सोडून काही येत नाही, पण परवा लेकीने गंमत म्हणून तो आयडी टाकला तर जुन्या कविता, कुणाशी तरी घातलेला वाद, एक फोटो, शिवाय आपलं नसलेलं एक अकाउंट असं सगळं निघालं. तर हे नीट शोधायचं कसं आणि पुसायचं कसं.

आधी सांगते, लेकीसमोर लाज वाटली असेल ती वाटू द्या, कवितांनी कुणाचं नुकसान होत नाही. मी गेली तेरा-चौदा वर्षं हेच काम करते, कंपन्यांसाठी, आणि अधूनमधून कुणीतरी घाबरून रात्री अकराला फोन करतं त्यांच्यासाठी. एवढ्या वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीये, की आयडी किती ठिकाणी सापडतो याला फारसा अर्थ नसतो. चाळीस ठिकाणी सापडला तरी सापडू दे. बघायचं ते हे, की त्या चाळीसपैकी नेमक्या कुठल्या एक-दोन ठिकाणी तो आयडी तुमच्या खऱ्या नावाला, मोबाइल नंबरला, घराच्या पत्त्याला किंवा ऑफिसला चिकटलाय. मी त्याला सांधा म्हणते. सांधा नसेल तर आयडी म्हणजे नुसता मुखवटा, आणि एकदा सांधा एका जागी जरी सापडला की उरलेल्या एकोणचाळीस जागांवरचं सगळं एका फटक्यात तुमच्या नावावर जमा होतं, कविता, भांडणं, राजकारणावरची मतं, सगळंच. त्यामुळे शोधताना यादी करत बसू नका, सांधे शोधा.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. सिल्क रोड नावाचा ड्रग्जचा ऑनलाइन बाजार होता, चालवणारा कोण ते एफबीआयला कळत नव्हतं. २०१३ मध्ये गॅरी आल्फर्ड नावाच्या टॅक्स खात्यातल्या तपासनिसाने अगदी साधी गोष्ट केली, गूगलवर तारखेची मर्यादा घालून या बाजाराचा सगळ्यात जुना उल्लेख कुठे आहे ते शोधलं. तर जानेवारी २०११ मध्ये अल्टॉइड नावाच्या आयडीने ‘ही साइट कुणी बघितलीय का’ छापाची पोस्ट टाकली होती. मग त्याने तो आयडी शोधला, तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बिटकॉइनवाल्यांच्या अड्ड्यावर अल्टॉइडने कामाला माणूस हवाय म्हणून जाहिरात दिलेली, आणि संपर्कासाठी रॉस उल्ब्रिक्ट या खऱ्या नावाचा जीमेल. झाला सांधा. ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका लायब्ररीत तो पकडला गेला, २०१५ मध्ये जन्मठेप झाली (२०२५ मध्ये माफी मिळाली, तो भाग वेगळा). आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी बारीक गोष्ट ऐका: ईमेल असलेला एक मेसेज त्याने स्वतः डिलीट केला होता, पण दुसऱ्या कुणीतरी उत्तर देताना तो कोट केला होता, आणि त्या कोटमध्ये तो तसाच्या तसा राहिला. डिलीटचं काय होतं ते पुढे येईलच, पण हे आत्ताच डोक्यात ठेवा.

तर सुरुवात कुठून. सगळे गूगलपासून करतात, मी म्हणते स्वतःच्या मेलबॉक्सपासून करा. जीमेल, याहू, रेडिफ, जे जे अजून उघडतंय त्यात जा आणि ‘वेलकम’, ‘व्हेरिफाय’, ‘युजरनेम’, ‘पासवर्ड रीसेट’ असले शब्द इंग्रजी स्पेलिंगने सर्च करा, आणि तो आयडीही टाका. विसरलेली अकाउंटं यात जितकी मिळतात तितकी कुठल्याच टूलमध्ये मिळत नाहीत, कारण ती गूगलला दिसत नाहीत पण त्यांचं स्वागतपत्र तुमच्या इनबॉक्समध्ये पडून असतं. मग ब्राउझरने साठवलेल्या पासवर्डची यादी उघडा. मग गूगल अकाउंटमध्ये जाऊन कुठल्या कुठल्या ॲपला ‘साइन इन विथ गूगल’ने आत घेतलंय ते बघा, फेसबुकलाही तशीच यादी असते. एक वही घ्या, किंवा एक्सेल शीट, आणि प्रत्येक ठिकाणापुढे लिहा: लॉगिन होतंय का, कुठल्या मेलवर आहे, खरं नाव दिसतंय का, फोटो आहे का. कंटाळवाणं काम आहे, शनिवार दुपार जाते, पण याशिवाय पुढचं सगळं अंधारात दगड मारल्यासारखं होतं.

आता गूगल. ब्राउझरच्या इनकॉग्निटो म्हणजे खाजगी खिडकीत उघडा, नाहीतर गूगल तुम्हाला ओळखून तुमच्याच आवडीचं पुढे आणतं. आयडी डबल कोट्समध्ये टाका. समजा आयडी पावसाळीबेडूक आहे (माझा नाही, माझा याहून वाईट होता). नुसता टाकला तर गूगलला वाटतं तुम्हाला पावसाळा आणि बेडूक यांच्यात इंटरेस्ट आहे आणि ते विज्ञानाचं पुस्तक समोर ठेवतं. कोट्समध्ये टाकलं की तेवढंच. तरीही भलतं येत असेल तर सर्च टूल्समध्ये शब्दशः शोधायचा ऑप्शन असतो, तो घ्या. मग आयडीबरोबर एकेक गोष्ट जोडून बघा: आयडी आणि तुमचं आडनाव, आयडी आणि गावाचं नाव, आयडी आणि कॉलेज, आयडी आणि मोबाइल नंबरचे शेवटचे पाच आकडे, आयडी आणि मेल. ही जोडीची सर्च म्हणजेच सांधा शोधणं. नुसत्या आयडीची दहा पानं चाळण्यापेक्षा या पाच-सात सर्च जास्त कामाच्या. तारखेची मर्यादा घालायला बिफोर आणि आफ्टर हे शब्द कोलन लावून वापरता येतात, म्हणजे २००८ च्या आधीचं काय आहे एवढंच बघता येतं, आल्फर्डने केलं तसलंच. एकाच साइटमध्ये शोधायचं असेल तर साइट लिहून कोलन आणि पत्ता. नको ती साइट वगळायची असेल तर वजाचं चिन्ह.

गूगलवर थांबू नका. बिंग वेगळं दाखवतं, यांडेक्स त्याहून वेगळं (आणि फोटोच्या बाबतीत जरा अंगावर काटा येईल इतकं चांगलं), डकडकगो बरंचसं बिंगवरच चालतं त्यामुळे ते बिंग बघितल्यावर नाही बघितलं तरी चालेल. रेडिटसाठी मात्र गूगलच, कारण २०२४ पासून रेडिटने बाकीच्या सर्च इंजिनांना दार बंद केलं. आणि फोटो, तो विसरू नका. आयडीच्या शेजारी जो अवतार लावलाय, तो चिकू खाणाऱ्या माकडाचा का असेना, तो उचलून गूगल लेन्स, यांडेक्स आणि टिनआय या तिन्हीत टाका. लोक आयडी बदलतात पण फोटो तोच ठेवतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय.

यानंतर स्पेलिंगची भानगड, आणि ही खास आपली, मराठी लोकांची आहे म्हणून यावर जरा जास्त बोलते. इंग्रजी नाव घेणाऱ्याचं एक स्पेलिंग असतं. आपलं ‘पावसाळी’ रोमनमध्ये लिहिताना व्ही की डब्ल्यू, ए एक की दोन, शेवटी आय की डबल ई, आणि ‘बेडूक’मध्ये यू की डबल ओ. म्हणजे एकाच आयडीची सहज दहा-बारा रूपं होतात आणि तुम्हीच वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी वापरलेली असतात, कारण हवं ते आधीच कुणीतरी घेतलेलं असायचं. मग अंडरस्कोर, टिंब, शेवटी जन्मसाल, ७७७, ‘द’ आधी लावणं. सगळी रूपं वहीत लिहा. शिवाय ट्विटरवर (आता एक्स) युजरनेम १५ अक्षरांतच मावतं, त्यामुळे लांब आयडी असलेल्यांनी तिथे हमखास शेपूट कापलेलं असतं, ते कापलेलं रूपही शोधा. जन्मसाल शेवटी असेल तर तो स्वतःच अर्धा सांधा आहे हे लक्षात आलं असेलच.

देवनागरी आयडी असेल तर आणखी मजा. मायबोली ही मराठी गप्पांची, लिखाणाची साइट १९९६ पासून आहे, नंतर मनोगत, मिसळपाव या तशाच साइट आल्या, आपल्याकडे देवनागरीत आयडी घ्यायची पद्धत तिथूनच रुजली, आणि डुआयडीचीही, म्हणजे एकाच माणसाने घेतलेल्या दुसऱ्या, डुप्लिकेट आयडीची! आता ‘ऱ्या’ हे अक्षर टाइप करायच्या दोन पद्धती आहेत, एकात खाली नुक्ता असलेला ऱ असतो आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडणीचं कॅरेक्टर. स्क्रीनवर दोन्ही सेम टू सेम दिसतात, कॉम्प्युटरसाठी दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तेच, हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत) आलं २००८ मध्ये, त्याआधी लोक अ च्या डोक्यावर अर्धचंद्र जोडायचे, काही कीबोर्ड अजूनही तसंच करतात. गूगल यातलं थोडंफार समजून घेतं, पण साइटच्या आतली सर्च बऱ्याचदा कॅरेक्टरला कॅरेक्टर जुळवते, त्यामुळे ‘काहीच सापडलं नाही’ असं आलं तर लगेच सुटकेचा नि:श्वास टाकू नका. उपाय सोपा आहे, हाताने टाइप करू नका, जुन्या पानावरूनच आयडी कॉपी करून सर्चमध्ये पेस्ट करा. आणि २००३-०४ च्या आधी जे लिहिलं असेल, वेगवेगळ्या फाँटांच्या जमान्यात, ते गूगलला मराठी म्हणून दिसतच नाही, त्याला ती रोमन अक्षरांची खिचडी वाटते. त्या काळच्या तुमच्या लिखाणावर पुराव्यासकट कुणी बोट ठेवेल ही शक्यता फार कमी, खुशाल झोपा.

टूल्सबद्दल लोक फार विचारतात. शेरलॉक नावाचं एक मोफत ओपन सोर्स टूल आहे, पायथनमध्ये, आयडी दिला की ४०० च्या वर साइटवर जाऊन हा आयडी तिथे आहे का बघून येतं. मेग्रे म्हणून दुसरं आहे ते ३००० च्या वर साइट तपासतं आणि प्रोफाइलमधली माहितीही गोळा करतं. व्हॉट्समायनेम ब्राउझरमध्येच चालतं, इन्स्टॉल वगैरे करायला नको, तुम्ही तेच वापरा. पण हे टूल करतं काय तर साइटच्या पत्त्यापुढे आयडी चिकटवून ते पान उघडतंय का एवढंच बघतं, बस. काही साइट नसलेल्या आयडीलाही छानपैकी पान उघडून देतात, मग टूल म्हणतं सापडला. काही साइट रोबोट आलाय म्हणून कुणालाच आत घेत नाहीत, मग टूल म्हणतं नाही सापडला. त्यामुळे आलेली प्रत्येक लिंक हाताने उघडायची. परवा एकजण म्हणाला माझा आयडी ११२ साइटवर आहे, रात्रभर झोपला नाही, आम्ही बसून बघितलं तर त्याचे खरे ९ होते.

आणि ते ‘तुमचा रिपोर्ट तयार आहे, बघायला ४९९ रुपये भरा’ म्हणणाऱ्या साइट, त्यांच्या नादी लागू नका. उलट त्यांच्याकडे आपण स्वतःच आयडी, मेल आणि कार्ड नंबर असा तयार सांधा नेऊन देतो. चॅटबॉटला ‘या आयडीमागे कोण आहे’ विचारणं हाही हल्लीचा छंद झालाय, तो आत्मविश्वासाने काहीही सांगतो, त्यावर विश्वास ठेवून कुणाशी भांडू नका.

मग आपलं नसलेलं अकाउंट. तुमच्या केसमध्ये मला वाटतं हा योगायोगच असणार. आयडी किती वेगळा आहे यावर सगळं असतं. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या काही संशोधकांनी २०११ मध्ये यावर काम केलं होतं, एक कोटीच्या वर युजरनेम घेऊन, कुठलं युजरनेम किती दुर्मिळ आहे ते गणिताने मोजता येतं आणि दुर्मिळ असेल तर दोन साइटवरची प्रोफाइलं एकाच माणसाची असण्याची शक्यता बरीच वाढते, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे ‘सचिन१०’ शंभर ठिकाणी दिसला तर शंभर माणसं, ‘पावसाळीबेडूक’ तीन ठिकाणी दिसला तर बहुतेक एकच. हे दोन्हीकडून कापतं. दुर्मिळ आयडी असेल तर तुमचं नसलेलंही तुमच्या गळ्यात पडतं. नोकरीच्या तपासणीत मी एका मुलाची फाइल बघितली होती, आधीच्या कुणीतरी त्याच्या आयडीने सापडलेल्या घाणेरड्या कमेंटा त्याच्या नावावर लावल्या होत्या, आणि त्या लिहिणारा माणूस दुसऱ्याच देशातला, कमेंटांच्या वेळा बघितल्या तरी कळत होतं की आपल्याकडे तेव्हा पहाटेचे चार वाजलेले. दोन तासांचं काम होतं ते तपासणं, कुणी केलं नव्हतं. त्यामुळे असं अकाउंट सापडलं की त्याचा स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि पत्ता दिसेल असा, आणि ठेवून द्या. कधी कुणी विचारलंच तर हातात असू दे.

पण त्या अकाउंटवर तुमचा फोटो किंवा तुमचं नाव असेल तर तो योगायोग नाही, तो तोतया. मग आधी त्या प्लॅटफॉर्मवर रिपोर्ट करा, भारतात धंदा करणाऱ्या प्रत्येक मोठ्या सोशल मीडिया कंपनीला तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो, त्याचा पत्ता त्यांच्या साइटवर असतो, त्याला लिहा. बरोबरीने सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर तक्रार, आणि पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या हेल्पलाइनला ताबडतोब फोन, तिथे तासातासाचा फरक पडतो. दुसऱ्याची ओळख वापरणं आयटी ॲक्टच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. त्या माणसाला स्वतः मेसेज करून ‘तू कोण’ विचारू नका, तो लगेच सगळं पुसून पळतो आणि तुमचा पुरावा जातो.

आता ज्या सांध्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही ते. पहिला यूपीआय आयडी. बऱ्याच जणांनी तिथेही तोच लाडका आयडी घेतलाय, आणि पैसे पाठवायच्या ॲपमध्ये तो टाकला की बँकेत नोंदलेलं पूर्ण नाव झळकतं, तीन शब्दांचं, वडिलांच्या नावासकट. वीस वर्षं जपलेला मुखवटा पाच सेकंदांत गेला. आजच बदला, हे मी सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगते. दुसरा गूगल मॅप्सचे रिव्ह्यू, तुमच्या नावावर टिचकी मारली की तुम्ही कुठल्या वडापाववाल्याला किती स्टार दिले ते सगळं एका नकाशावर येतं, आणि लोक रिव्ह्यू घराच्या आसपासच्याच दुकानांचे लिहितात ना, त्यामुळे घर कुठे आहे ते दोन गल्ल्यांच्या अंतराने कळतं. आयटीवाल्यांसाठी गिटहब, तिथे कमिटच्या (कोडमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीच्या) पत्त्यापुढे टिंब आणि पॅच असं जोडलं की कमिट करणाऱ्याचा मेल दिसतो, ऑफिसचा मेल असेल तर ऑफिसही कळलं. सेटिंगमध्ये मेल लपवायची सोय आहे, पण आधीच्या कमिटमध्ये गेलेला मेल त्याने पुसला जात नाही. स्टीमवर गेम खेळणाऱ्यांची आधीची नावं दिसतात. आणि इन्स्टाग्रामवर बिझनेस किंवा क्रिएटर अकाउंट पब्लिक असेल तर जुलै २०२५ पासून त्याच्या पोस्टी गूगललाही दिसू शकतात, आधी तसं नव्हतं, त्यामुळे जुनी सर्च केली असेल तर परत करा.

ग्रॅव्हटार हा आणखी एक छुपा रुस्तम. एकदा मेल देऊन फोटो लावला की तोच फोटो शेकडो ब्लॉगांवर कमेंटच्या शेजारी आपोआप यायचा, आणि तो यायचा तुमच्या मेलपासून बनवलेल्या एका सांकेतिक आकड्यावरून. म्हणजे टोपणनावाने कमेंट केली तरी पडद्यामागे मेलची खूण तिथेच. २०२० मध्ये तिथली जवळपास १६.७ कोटी लोकांची नावं, युजरनेम आणि त्या खुणा कुणीतरी खरवडून नेल्या. गळतीचं, म्हणजे साइटवरून चोरीला गेलेल्या माहितीचं सांगायचं तर हॅव आय बीन पोन्ड या साइटवर तुमचे सगळे मेल एकेक करून टाका, ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ मध्ये सुरू केलेली साइट आहे, भरवशाची आहे, मेल टाकला की तो कुठल्या कुठल्या गळतीत गेलाय ते सांगते. बहुतेकांचा झोमॅटोच्या २०१७ च्या किंवा बिगबास्केटच्या २०२० च्या गळतीत निघतो, दचकू नका, पासवर्ड बदला. त्या गळक्या फायलींमध्ये युजरनेम, मेल आणि फोन एकाच ओळीत असतात, गूगलवर दिसत नसले तरी तो सांधा झालेला असतो आणि तो आता काही तुटत नाही. म्हणून यापुढे आयडी आणि मेल दोन्ही वेगळे ठेवायचे एवढंच हातात.

माझी स्वतःची गोष्ट. लोकांना शिकवायला लागून तीन वर्षं झाली होती आणि एका वर्गात डेमो म्हणून मी माझाच आयडी टाकला, खात्री होती की काही निघणार नाही. निघाली २००९ ची एक जाहिरात, ‘स्कूटी विकणे आहे, एकहाती वापरलेली, भाव जागेवर’, खाली माझा आयडी आणि त्याखाली मोबाइल नंबर, जो मी आजही वापरते. ती साइट कधीच बंद पडली होती, पण दुसऱ्याच कुठल्यातरी साइटने तिचा सगळा माल उचलून आपल्या नावावर लावला होता. वर्गातली मुलं हसली, मीही हसले, आणि त्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून उरलेलं शोधलं.

ती जाहिरात काढायला मला सात महिने लागले, त्यामुळे पुसण्याबद्दल मी जे सांगते ते चटके खाऊन सांगते. अकाउंट सापडलं की लगेच डिलीट दाबू नका. आधी लॉगिन होतंय का बघा, झालं तर आपलं लिखाण हवं असेल तर उतरवून घ्या (त्या कविता ठेवा हो, वीस वर्षांनी बऱ्या वाटतात), मग आत जाऊन नाव, फोटो, गाव, जन्मतारीख, मेल एकेक करून बदला किंवा कोरं करा, सेव्ह करा, आणि दोन-तीन आठवडे तसंच सोडा. का, तर काही साइट डिलीट केलं की अकाउंट नुसतं गोठवतात, पान बाहेर तसंच राहतं आणि तुमची किल्ली मात्र गेलेली असते, मग ते आयुष्यभर तसंच. कोरं करून सोडलं की गूगल परत येऊन कोरं पान वाचून जातं. नंतर डिलीट. रेडिटसारख्या ठिकाणी अकाउंट डिलीट केलं तरी पोस्टी राहतात, फक्त नाव जातं, त्यामुळे पोस्टी नको असतील तर त्या आधी उडवायच्या. पान बदललं किंवा गेलं पण गूगलच्या निकालात जुनाच मजकूर दिसतोय असं झालं तर गूगलचं जुना मजकूर ताजा करायचं एक मोफत टूल आहे, ते कुणीही वापरू शकतं, साइट आपली असायला लागत नाही.

आणि दुसऱ्यांनी कोट केलेलं? अल्टॉइडवालं? ते तुमच्या हातात नाही. साइट चालवणाऱ्याला नम्रपणे मेल लिहा, नेमकी लिंक द्या, नेमकी ओळ द्या, ‘या ओळीत माझा फोन नंबर आहे तो काढाल का’ असं. ‘माझं सगळं डिलीट करा’ असं लिहिलं तर कुणी करत नाही, आणि मराठी साइट बऱ्याचदा एखाददुसरा माणूस नोकरी सांभाळून चालवतो, त्याला तुमच्या चारशे प्रतिसादांचा पसारा आवरायला वेळ नसतो, शिवाय तुमचे प्रतिसाद काढले की बाकीच्यांचे लोंबकळत राहतात. एक ओळ काढायला मात्र सहसा कुणी नाही म्हणत नाही. कायद्याची धमकी पहिल्याच मेलमध्ये देऊ नका. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा आलाय, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत, त्यात माहिती पुसून घ्यायचा हक्क आहे हे खरं, पण त्याच कायद्यात लिहिलंय की जी माहिती तुम्ही स्वतःच जाहीर केलीत तिला हा कायदा लागू नाही. म्हणजे स्कूटीची जाहिरात मीच दिलेली, बसा बोंबलत. युरोपात राहणाऱ्या आपल्या लोकांची परिस्थिती बरी आहे, तिथे २०१४ च्या निकालापासून गूगलकडून नावाच्या सर्चमधले निकाल काढून घेता येतात, पण तेही नावाच्या सर्चमधले, मूळ पान जागेवरच राहतं.

वेबॅक मशीनवरही एकदा बघा, तिथे इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था जुन्या पानांच्या प्रती साठवून ठेवते, तिथे शब्द टाकून नाही, तुमच्या जुन्या प्रोफाइलचा पूर्ण पत्ता टाकून. सापडलं आणि खरंच त्रासदायक असेल तर इंटरनेट आर्काइव्हला मेलने विनंती करता येते, ते बघून ठरवतात. ऑर्कुटचं बरेच जण विचारतात, ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, स्क्रॅपबुकची भीती सोडून द्या.

एका जागी मात्र डिलीटच करू नका असं मी सांगते, ते म्हणजे जुना मेल. याहूने २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेले आयडी मोकळे करून दुसऱ्यांना वाटले होते. म्हणजे तुमचा २००१ चा याहू आयडी आज कुणा तिसऱ्याच माणसाचा असू शकतो, आणि तुमच्या एखाद्या जुन्या अकाउंटला ‘पासवर्ड विसरलात’साठी तोच मेल दिलेला असेल तर किल्ली त्याच्याकडे. जीमेल दिलेला पत्ता परत कुणाला देत नाही, पण दोन वर्षं कुणी फिरकलं नाही तर अकाउंट डिलीट करू शकतं, डिसेंबर २०२३ पासून तसा नियम आहे. म्हणून जुन्या मेलमध्ये सहा महिन्यांनी एकदा लॉगिन करा, आणि आधी सगळ्या अकाउंटांमधून तो रिकव्हरी मेल म्हणून काढून घ्या. युजरनेमचंही तसंच, दोन-चार मोठ्या ठिकाणी आयडी कोरा करून नुसता धरून ठेवा, सोडलात की उद्या कुणीतरी घेईल आणि जुन्या लिंका सगळ्या त्याच्याकडे वळतील.

तुमच्यासाठी नेमकं सांगायचं तर मी या क्रमाने गेले असते: आज यूपीआय आयडी बदला, शनिवारी मेलबॉक्स आणि वही, रविवारी जोडीच्या सर्च. तो फोटो कुठल्या पानावर आहे ते बघा, त्यात तुमचं नाव किंवा बाकी कुणाचा चेहरा नसेल तर त्याला हात लावायचीही गरज नाही. वादावादीच्या धाग्यात तुम्ही गाव किंवा ऑफिस बोलून गेलाय का तेवढं वाचा, लोक भांडताना फार बोलून जातात. आणि वही भरून झाली की रकाने रिकामे किती, सांधे किती ते इथेच खाली लिहा, फक्त आयडी लिहू नका म्हणजे झालं.